कलम खोडले, पूर राहिला

धान पाण्यात बुडाले तर ती आपत्ती धरायची की नाही? भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न कोणाला पडणार नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या कागदावर मात्र सात खरीप हंगाम त्याचे उत्तर ‘नाही’ असेच होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ‘स्थानिक आपत्ती’च्या कलमात एक अपवाद घातला. शेत जलमय झाले तर भरपाई मिळेल. पण धान, ताग, मेस्ता, ऊस या पिकांना नाही. कारण ही पाणी मानवणारी पिके. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने धानाच्या बाबतीत हा अपवाद मागे घेतला. खरीप २०२६ पासून बुडालेले धान पुन्हा आपत्तीग्रस्त धरले जाईल.

निर्णय योग्य आहे. त्याचे स्वागत व्हायलाच हवे. पण स्वागत करून विषय मिटवता येणार नाही. ही सात वर्षे धानासाठी हे कलम कागदावर नव्हते, तेव्हा ती जोखीम होती कुठे? पूर थांबले नव्हते. नुकसानही टळले नव्हते. विमा कंपनीने ते मोजले नाही, एवढेच. मग ते कोणाच्या वहीत चढले? प्रश्न शेतीचा वाटतो. मुळात तो बँकेचा आहे.

कलम काढण्याची दोन कारणे सांगितली गेली. पहिले विम्याच्या शास्त्रातले. विमा आहे म्हणून शेतकरी हयगय करील, पाणी काढून देणार नाही, तुंबू देईल, ही भीती. ही भीती वैनगंगेच्या काठावर नेऊन तपासावी. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. सिवनी जिल्ह्यातल्या भीमगडच्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडावी लागली. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. भंडाऱ्यासह गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली अशा पाच जिल्ह्यांतला नदीकाठ पाण्याखाली गेला. यात शेतकऱ्याने कसली हयगय केली? भीमगडच्या दारांवर त्याचा हात नाही. गोसीखुर्दच्या फुगवट्यावर त्याचा अधिकार नाही. धुरा फोडून बांधीतले पाणी काढून देणे एवढेच त्याच्या हाती असते. नदीच शेतात आली की फोडलेल्या धुऱ्यातून पाणी बाहेर जात नाही, आत येते.

अपवादामागची समजूत, म्हणजे धानाला पाणी मानवते ही, अर्धीच खरी आहे. धानाला पाणी लागते ते पायाशी, डोक्यावरून नव्हे. रोप पूर्ण बुडाले की ते वर येण्यासाठी उंच वाढू लागते. त्यात साठवलेली ताकद संपते आणि आठवडा-दहा दिवसांत ते मरते. हे कृषिशास्त्राला कधीच ठाऊक होते. म्हणून तर ओडिशातल्या एका जुन्या वाणातला गुण घेऊन ‘स्वर्णा सब-१’ हे बुडीत सोसणारे वाण तयार झाले. २००९ मध्ये ते भारतात प्रसारितही झाले. तेही तग धरते ते साधारण दोन आठवडे. बुडून मरते म्हणून सरकारी शास्त्रज्ञांनी ज्या पिकाचे वेगळे वाण शेतकऱ्याच्या हाती दिले, तेच पीक नऊ वर्षांनी सरकारच्याच विमा योजनेने न बुडणारे ठरवले. कृषी खात्याचे दोन कागद एकमेकांशी बोलले नाहीत. त्याची किंमत तिसऱ्यानेच मोजली.

दुसरे कारण मोजणीचे. पाण्याखालच्या पिकाचे नुकसान मोजणे अवघड, असे सांगितले गेले. अवघड आहेच. पण मोजायला अवघड म्हणून नुकसान धरायचेच नाही, हा कोणता न्याय? आणि अडचण तरी किती खरी? याच योजनेत २०२३ च्या खरिपापासून धान आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज उपग्रहाच्या मदतीने बांधण्याची पद्धत आली. आकाशातून पीक किती आले ते कळते. मग पूर कुठवर आला तेही कळलेच असते. नदीचे पसरलेले पाणी ही उपग्रहाला सहज दिसणारी गोष्ट आहे.

कलम गेल्यावर शेतकऱ्यासाठी काय उरले? उरली महसूल मंडळाची सरासरी. पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचे सरासरी उत्पादन काढतात. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन त्याचे ७० टक्के हे उंबरठा उत्पादन धरतात. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या खाली गेले तरच भरपाई. आता समजा, एका मंडळात सारख्या क्षेत्राची वीस गावे आहेत. त्यांतली चार नदीकाठी आहेत. पुरात चारही गावांचे धान शंभर टक्के गेले. उरलेल्या सोळा गावांत नेहमीसारखे पिकले. मंडळाची सरासरी ८० टक्के येते. उंबरठा ७० टक्क्यांचा. भरपाई शून्य. चार गावांत एक लोंबी उरलेली नसते आणि कागदावर मंडळ सुखरूप असते. मध्य हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीचे कलम होते, पण तेही मंडळाच्याच मापाने चालते. पूर मात्र मंडळाची हद्द पाहून येत नाही. तो नदीच्या उताराने येतो आणि काठाचा एक पट्टा धुऊन नेतो. हे नुकसान पट्ट्याच्या मापानेच मोजायला हवे. ते मोजणारे नेमके एक कलम होते. तेच काढले गेले.

आता त्या न मोजलेल्या नुकसानीचा माग काढू.

भंडाऱ्यातला धान उत्पादक एप्रिल ते जूनमध्ये गावच्या सेवा सहकारी सोसायटीमार्फत पीककर्ज उचलतो. सोसायटीला पैसे देते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. तिच्या मागे राज्य सहकारी बँक आणि नाबार्ड. पऱ्हे, चिखलणी, रोवणी, खत यांत ते कर्ज जुलै-ऑगस्टपर्यंत जमिनीत गेलेले असते. २०२० चा पूर आला तेव्हा रोवणी आटोपून धानाने फुटवे धरले होते. खर्च झालेला होता आणि दुबार रोवणीची वेळ निघून गेली होती. आपत्तीच्या मदतीचा तेव्हाचा केंद्रीय निकष कोरडवाहूसाठी हेक्टरी ६,८०० आणि बागायतीसाठी १३,५०० रुपयांचा, तोही दोन हेक्टरपर्यंत. एवढ्यात शेतकऱ्याचा श्वास चालू राहतो. कर्ज फिटत नाही.

मग ३१ मार्च उजाडतो. त्या दिवसापर्यंत भरणा केला तर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शेतकऱ्याला शून्य टक्के व्याजाने पडते. केंद्राची तीन टक्क्यांची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते होते. भरणा चुकला की सवलत जाते, व्याज चढते आणि पुढच्या खरिपाची उचल बंद होते. म्हणून पूरग्रस्त शेतकरीही भरणा करायला धडपडतो. कोणी नातेवाइकाकडून, कोणी सावकाराकडून, कोणी घरच्या बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचे कर्ज काढून सोसायटीत पैसे भरतो. काही दिवसांत नवी उचल घेतो आणि उसने फेडतो. गावात याला कर्ज ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. बँकेच्या ताळेबंदात हे काय दिसते? वेळेवर वसूल झालेले कर्ज. पूर कुठेच दिसत नाही.

ज्याला नवे-जुनेही जमत नाही तो थकबाकीदार होतो. पण तेही लगेच नाही. अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की मगच ते अनुत्पादक धरतात. पीक ३३ टक्क्यांहून अधिक गेल्याचे जाहीर झाले तर कर्जाचे पुनर्गठन होऊन मुदत दोन ते पाच वर्षे वाढते. दिलासा म्हणून हे आवश्यक आहे. पण त्यामुळे ऑगस्टमधल्या पुराचा घाव बँकेच्या वहीत वर्षा-दोन वर्षांनी उमटतो. तोवर दुसरा पूर येऊन गेलेला असतो. २०२० नंतर २०२२ आणि २०२४ मध्येही जिल्ह्याने पूर पाहिला. शेवटी वहीत येते ती थकबाकी, कर्जदाराच्या नावासमोर. कारणाचा रकाना नसतो. एक नदी बाहेर आल्याने बुडालेली कर्जे शेकडो वेगवेगळ्या माणसांच्या बुडवेपणासारखी मांडली जातात. नदीचा दोष माणसाच्या नावावर चढतो. ही निव्वळ हिशेबाची चूक नव्हे, अन्याय आहे.

आणखी एक योगायोग पाहावा. २०२० च्या खरिपाआधी पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. त्याच खरिपापासून तो ऐच्छिक झाला. ऐच्छिक करण्याची बाजू आहे. नको असलेला हप्ता कर्जातून परस्पर कापला जाऊ नये, ही शेतकऱ्यांची मागणी रास्त होती. पण जिल्हा बँकेच्या बाजूने काय झाले? बुडण्याचे कलम आधीच गेले होते. आता उरलेल्या विम्याची खात्रीही गेली. बँकेचे कवच दोन्हीकडून निघाले आणि त्याच पावसाळ्यात वैनगंगा पात्राबाहेर आली. दिल्लीत दोन निर्णय दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या कारणांनी झाले. ते एकत्र कोसळले भंडाऱ्यात.

या साखळीचे शेवटचे टोक राज्याची तिजोरी. थकबाकी साचत जाते, ती डोईजड झाली की कर्जमाफी येते. २००८ मध्ये केंद्राची आली. २०१७ मध्ये राज्याची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखांपर्यंतची. २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतची. ही सगळी थकबाकी पुराची नव्हती. भाव, खर्च, दुष्काळ अशी कारणे होतीच. पण विम्याने न उचललेली जोखीम शेवटी याच वाटेने सरकारकडे येते, हे नाकारता येणार नाही. हप्त्यात वाचवलेले पैसे माफीत जातात. फरक असा, की हप्ता दरवर्षी ठरून जातो आणि त्यातून भरपाई नुकसान झालेल्याला मिळते. माफी कधी येईल ते निवडणूक ठरवते. तोवर ज्याने दागिने मोडून भरणा केला, त्याला तिच्यातला मोठा वाटा मिळत नाही.

म्हणून मुद्दा एकच. खोडलेली जोखीम संपत नाही. ती खाली सरकते, आणि सोसायची ताकद सर्वांत कमी असलेल्या वहीत जाऊन बसते. विमा कंपनीचा ताळेबंद सुधारतो. अनुदानाचा बोजा हलका होतो. वरून पाहिले तर व्यवस्था आधीपेक्षा स्थिर झालेली दिसते. ती स्थिरता सोसायटीच्या खतावणीतून उसनी आणलेली असते.

हे उसने वरच्यांना दिसावे अशी सोय आहे का? रिझर्व्ह बँकेने हवामान बदलाची दखल घेतलेली आहे. एप्रिल २०२१ मध्ये ती जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या हवामानविषयक गटात सामील झाली. जुलै २०२२ मध्ये तिने चर्चापत्र काढले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी मसुदा आला: बँकांनी आपल्या कर्जांवरची हवामानाची जोखीम जाहीर करावी. या मसुद्यातली कोणाला लागू, कोणाला नाही ही यादी वाचावी. व्यापारी बँकांना लागू. नाबार्डसारख्या अखिल भारतीय संस्थांना लागू. मोठ्या वित्तीय कंपन्यांना लागू. सहकारातल्या फक्त चौथ्या श्रेणीतल्या, म्हणजे दहा हजार कोटींहून अधिक ठेवींच्या नागरी बँकांना लागू. प्रादेशिक ग्रामीण बँका वगळलेल्या. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे नावच नाही.

भंडाऱ्यात याचा अर्थ काय होतो? जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. ती यादीत आहे. तिचा कारभार देशभर आणि परदेशातही आहे. वैनगंगेच्या एका पुराने तिच्या ताळेबंदावर ओरखडाही उमटत नाही. विदर्भ कोकण ग्रामीण बँक, जी मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, ती यादीत नाही. आणि जिच्या पीककर्जाचा मुख्य आधार एकच पीक, जिचे कार्यक्षेत्र एकच जिल्हा, जिच्या कर्जदारांच्या जमिनी एकाच नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी, त्या जिल्हा बँकेला कोणी विचारतच नाही. जिला जोखीम विखुरता येते तिने ती जाहीर करावी. जिला ती विखुरण्याची मुभाच नाही, तिने गप्प राहावे. यादीचा अर्थ हाच निघतो.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. छोट्या बँकांवर अहवालांचे ओझे नको. शिवाय एका जिल्हा बँकेने देशाची वित्तीय व्यवस्था डळमळत नाही. पहिला भाग मान्य. सोसायटीच्या गटसचिवाला शंभर पानांचा हवामान अहवाल लिहायला लावण्यात अर्थ नाही. दुसरा भाग मात्र तपासायला हवा. स्थिरता कोणाची? जिल्हा बँक कोलमडली म्हणजे काय होते ते विदर्भाला शिकवावे लागत नाही. नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांनी ते भोगले आहे. तिथली कारणे वेगळी होती, पुराशी त्यांचा संबंध नव्हता. पण परिणाम सगळीकडे सारखाच असतो. ठेवी अडकतात. पीककर्ज थांबते. शेतकरी खाजगी सावकाराच्या दारात जातो. मुंबईचा रोखेबाजार त्या दिवशीही वर जात असेल. पण ज्याची मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम अडकली, त्याच्यापुरती वित्तीय व्यवस्था त्या दिवशी कोसळलेलीच असते.

आणि हे एका जिल्ह्यापुरते नाही. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्व भाग, हा सगळा पट्टा धानाचा आणि वैनगंगेच्या खोऱ्याचा. शेजारी छत्तीसगड, पुढे ओडिशा, बंगाल. ‘पाणी मानवणारे पीक’ या एका शेऱ्याखाली देशातले केवढे धान क्षेत्र येते, हे पाहिले की एक जिल्हा बँक लहान वाटत नाही. तिच्यासारख्या अनेक आहेत आणि त्यांचा धोका एकाच प्रकारचा आहे. एकाच प्रकारचा धोका अनेकांच्या वहीत एकाच वेळी असणे, यालाच व्यवस्थेची जोखीम म्हणतात.

विमा मागे सरण्याकडे जगात वेगळ्या नजरेने पाहिले जाते. मे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे घेणे थांबवले. वणव्यांचा वाढता धोका हे त्यामागचे एक कारण. तिथे लगेच चर्चा सुरू झाली ती बँकांची. विमा नसेल तर घरावर कर्ज कोण देणार? दिलेल्या कर्जाचे काय? विमा मागे सरला की जोखीम बँकेकडे जाते, हे तिथे सगळ्यांनी ओळखले. आपल्याकडे विमा धानाच्या बांधीतून मागे सरला तेव्हा ती मार्गदर्शक सूचनांतली एक दुरुस्ती ठरली. तिची बातमी कृषी पानापलीकडे गेली नाही. बँकांच्या स्थिरतेची काळजी वाहणाऱ्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही.

आता कलम परत आले आहे. पण आले आहे कुठवर? दिल्लीपर्यंत. स्थानिक आपत्तीचे संरक्षण ही या योजनेतली जोडजोखीम आहे. ती घ्यायची की नाही हे २०२० पासून राज्यांच्या मर्जीवर सोपवलेले आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा दिला. गैरप्रकार उघड झाले. २०२५ च्या खरिपात तो बंद करून राज्याने शेतकऱ्याचा दोन टक्के हप्ता पुन्हा सुरू केला. ते समजण्यासारखे होते. पण त्याचबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे, काढणीनंतरचे नुकसान ही चारही जोडसंरक्षणे काढून टाकली. उरली फक्त पीक कापणीची मंडळ सरासरी. बोगस अर्ज भरणाऱ्यांना रोखायचे म्हणून खऱ्या पूरग्रस्तांचे कलम काढले गेले. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यातल्या अतिवृष्टीने त्याचा हिशेब मांडला. राज्याला ३१ हजार कोटींहून मोठे मदतीचे पॅकेज जाहीर करावे लागले. विम्यातून वगळलेली जोखीम सरकारी तिजोरीकडे येते ती अशी. यावेळी तिला यायला एक पावसाळाही लागला नाही.

म्हणजे केंद्राने धानाच्या बुडण्याला आपत्ती म्हटले तरी, राज्याच्या अधिसूचनेत स्थानिक आपत्ती हे संरक्षणच नसेल, तर लाखांदूर किंवा पवनीच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य. दिल्लीतून सुटलेला निर्णय मंत्रालयात अडू नये. राज्याने निदान भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या जिल्ह्यांत हे संरक्षण अधिसूचित करावे. त्याला पैसे लागतील. हप्ता वाढेल. पण तो खर्च आजही होतोच आहे. फक्त तो थकबाकी, सावकारी व्याज आणि माफी अशा तीन नावांनी होतो. एका नावाने, आधी ठरवून, उघड झाला तर तो कमीच पडेल.

नुकसान कळवण्याच्या अटीकडेही पाहावे. ७२ तासांत, विम्याच्या ॲपवर, ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रासह. गावाला पुराने वेढा घातलेला असताना वीज नसते, मोबाइलला रेंज नसते आणि शेताकडे जायला वाट नसते. पुराची हद्द उपग्रहावरून ठरवावी आणि तिच्या आतल्या प्रत्येक गट क्रमांकाची पूर्वसूचना आपोआप आलेली धरावी. ज्या दिवशी शेतकरी घरातली माणसे आणि गुरे वाचवत असतो, त्या दिवशी त्याच्याकडून पुरावा मागू नये.

दुसरी गोष्ट बँकेची. तिला ना मोठा अहवाल लागतो, ना परदेशी सल्लागार. पाटबंधारे खात्याकडे वैनगंगेच्या पुराच्या नोंदी आहेत. महसूल खात्याकडे २०२० चे पंचनामे आहेत. सोसायटीकडे कर्जदाराचा सातबारा आहे. या तीन गोष्टी एका तक्त्यात आणल्या, तर जिल्हा बँकेच्या पीककर्जातले किती रुपये पुराच्या पट्ट्यात आहेत ते कळते. नाबार्ड जिल्हा बँकांची तपासणी करतेच. त्या तपासणीत हा एक आकडा मागावा. आणि थकबाकीच्या यादीत एक रकाना वाढवावा: कारण. पूर, दुष्काळ, गारपीट, की अन्य काही. तो रकाना भरला जाऊ लागला, की कोणती थकबाकी माणसाची आणि कोणती नदीची, हे रिझर्व्ह बँकेलाही दिसेल आणि विधिमंडळालाही. मग पुढच्या वेळी एखादे कलम खोडण्याआधी ते खोडल्याने किती कर्ज उघडे पडते, हे विचारता येईल.

२०१८ मध्ये हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर देण्यासाठी आकडाच नव्हता. आजही नाही. धोका आहे हे माहीत असून तो न मोजणे हा निष्काळजीपणा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या हयगयीपेक्षा कितीतरी महाग पडतो. तेव्हा येत्या अधिसूचनेत बुडालेल्या धानाला जागा द्या, आणि ३१ मार्चच्या हिशेबात पुराला.